खिंड बंद झाल्यावर

आई, मी देवळालीला परत आले आहे. धाकट्याच्या घरी, मागच्या खोलीत राहते. गाळप संपत आलंय, तरी ऊस भरलेल्या ट्रॉल्या दिवसभर समोरच्या रस्त्यानं जातात. भावजय अधूनमधून दारातून डोकावते. "ताई, आता पुरं झालं फिरणं. हितं काय दवाखाने न्हाईत का?" म्हणते. मी मान हलवते. ती चांगली आहे, तू असतीस तर तुमचं जमलं असतं.

तू गेलीस तेव्हा मी नुकतीच नगरच्या एका दवाखान्यात लागले होते, त्यामुळे पुढचं तुला काही ठाऊक नाही. कोरोनाच्या काळात मी कंत्राटावर बाहेरगावी जायला लागले आणि मग तेच चालू राहिलं. एजन्सीचा फोन येतो. जिथं नर्स टिकत नाही तिथं काही महिने जायचं, मुदत संपली की बॅग उचलायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे तू विचारलं असतंस आणि मला सांगता आलं नसतं. गेल्या पावसाळ्यानंतर मी पार उत्तरेला गेले, हिमालयातल्या एका दरीत. बर्फ पडायला लागला की तिथली खिंड बंद होते, आणि मग आभाळ मोकळं असेल त्या दिवशी हेलिकॉप्टर आलं तर आलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मधे लोखंडी शेगडी. डॉक्टर खालच्या शहरात, फोनवर.

पहिल्या दिवशी ती शेगडी पेटवताना मला तुझं उपकेंद्र आठवलं. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, मागं आपली क्वार्टर. एका स्टोव्हवर आमटी, दुसऱ्यावर पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळतायत, आणि तू दोन्हींवर सारखंच लक्ष ठेवून आहेस. जेवायला बसण्याआधी तू माझी नखं बघायचीस. नर्सिंगला जायला निघाले तेव्हा सगळ्यांच्या आयांनी काय काय दिलं होतं. तू संगमनेरच्या बाजारातून एक नेलकटर आणून माझ्या हातावर ठेवलास. "बाकीचं तिथं शिकवतील," म्हणालीस.

त्या दरीत मला एकच मैत्रीण मिळाली. दवाखान्याच्या खालच्या घरातली सून, पंचविशीची, दुसऱ्यांदा गरोदर. तिचं हिंदी मोडकं, माझंही तसंच. बर्फावर कसं चालायचं ते तिनं मला शिकवलं. पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. मी दर दोन पावलांना पडायचे आणि ती पोट धरून हसायची. सुकवलेले जर्दाळू ओच्यात घालून आणायची, शेगडीपाशी बसून राहायची. तिचं रक्त कमी होतं. मी तिला म्हटलं, खिंड बंद व्हायच्या आत खाली शहरात जा, बाळंत होईपर्यंत तिथंच राहा. एकदा नाही, कितीतरी वेळा म्हटलं. ती म्हणाली, "मागच्या वेळी दवाखान्याला कुलूप होतं, तरी झालं सगळं नीट. आता तर दीदी, तुम्ही आहात." सासूही तेच म्हणाली. नर्स आहे, मग कशाला जायचं? आई, मी तिथं नसते तर ती खाली गेली असती का, हे मला आता कुणी सांगू शकत नाही.

मुलगी सकाळी झाली, चांगली रडली. वार पडली, पण पुरती पडली नाही, आणि रक्त थांबेना. मी पोट चोळलं, इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाईन लावलं, एक हात आत आणि एक वरून असं दाबून धरलं. तुला माहीत आहे, तुला हे सगळं माहीत आहे. फोनवर डॉक्टर विचारत होते, आभाळ कसं आहे? सासू दार उघडून बघून यायची. "पांढरं," एवढंच म्हणायची. परत जायची, परत "पांढरं". खिंड दिसत नव्हती, समोरचा डोंगरही दिसत नव्हता. खाटेवरून ती माझ्याकडे बघत होती. तिला थंडी वाजत होती आणि माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. एकदा ती म्हणाली, "दीदी, हात दुखला असेल तुमचा." त्यानंतर ती बोलली नाही. दुपार टळायच्या आत संपलं.

मी तिला पुसलं, केस विंचरले, बाळाला गुंडाळून सासूकडे दिलं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तुझं ऐकलं मी. भाताच्या आवणीच्या दिवसांत तू मला एका वाडीवर घेऊन गेली होतीस, घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. तिथं मूल मेलेलंच जन्मलं आणि मी मोठ्यानं रडायला लागले. तू माझा दंड धरून मला पडवीत आणलंस. "रडायचं आसंल तर घरी जाऊन रड. हितं दुःख तिचं हाय. आपन हात चालवायचे." घरी आल्यावर तू रडशील असं मला वाटत होतं. मी तुझ्यावर डोळा ठेवून होते. तू भात लावलास.

सासू बाळाला घेऊन कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी रक्तानं भिजलेल्या चादरी गोळा करत राहिले. त्यानंतर त्या घरातून माझ्याकडे कुणी आलं नाही. बाळाचं वजन करायला मीच जायचे. सासू बाळ हातात द्यायची आणि तोंड फिरवायची. दुसऱ्याच दिवशी आभाळ निळंशार झालं होतं. हेलिकॉप्टर आलं, औषधांची खोकी उतरवून गेलं. तशाच एका दिवशी, मुदत संपल्यावर, मीही निघाले. वरून ती दरी बघितली असती तर काय दिसलं असतं मला ठाऊक नाही. मी डोळे मिटून घेतले होते.

घरी जाऊन रड म्हणालीस. पण आई, माझ्यासारखीचं घर कोणतं? धाकट्याच्या घरात रडले तर त्याची पोरं घाबरतील. म्हणून परवा एसटीनं संगमनेर, अकोले करत वर गेले, तुझ्या गावी. उपकेंद्र पाडून नवीन बांधलंय, गुलाबी रंगाचं, दाराला कुलूप. आपली क्वार्टर नाही. तिथं आता पाण्याची टाकी आहे. समोर एक म्हातारी लाकडं वाळत घालत होती. मी तिला तुझ्याबद्दल विचारलं, खुणा सांगितल्या: लई वर्षं इथं होती, गमबूट घालून वाड्यांवर जायची, उंच होती. तिनं बराच विचार केला. "नर्सबाई व्हय? लई आल्या आन लई गेल्या, बाय. कुनाकुनाला ध्यानात ठिवायचं?" मग चहा घ्यायला बोलावलं. मी नको म्हटलं.

तू त्या डोंगरात तुझं अर्धं आयुष्य घातलंस. गुडघे गेले तुझे तिथं. त्या गावात तुझं काही उरलं नाही, तर त्या दरीत माझं काय उरणार? उरलंच तर त्या सासूच्या मनात, एक दगडाची बाई म्हणून. काल एजन्सीचा फोन आला होता. पुन्हा तिकडंच, शेजारच्या दरीत. मी उचलला नाही.

तू समोर असतीस तर यातलं काहीच बोलले नसते. कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून एवढं लिहिलं. आता एकच राहिलं. परवा तुझ्या गावाहून परतताना संगमनेरच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं पिशव्या सरकवून मला जागा दिली. तिच्याबरोबर तिची गरोदर लेक होती, पाय सुजलेले, चेहरा पांढुरका. बाईनं सहज विचारलं, "ताई, तुमी काय करता?" मी त्या लेकीच्या पायांकडं बघितलं, मग गाडीच्या पाटीकडं.

म्हटलं, "शाळेत शिकवते."