सांडलेलं मीठ

शनिवार, दिवेलागण

आज मिठाची वाटी माझ्या लाथेनं उडाली आणि तिथंच सगळं बदललं.

मोबाईलवर फेंगशुई बघून आईनं चारी कोपऱ्यांत खडेमीठ ठेवलंय. घरातल्या वाईट ऊर्जेनं मी कॉलेज सोडलं, असं तिचं म्हणणं. तेच ऐकून डोकं फिरलं. पण ती ओरडली न्हाई.

"येच आता. न्हाईतर मेल्यावर पापण्यांनी येचावं लागंल," म्हणाली आणि स्वतःच खाली बसली. मग मीबी बसलो. मीठ वेचताना तिच्याकडं बघावं लागत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं असंल.

"घराचा दोष न्हाई, आई. वर्गातल्या सोनालीचं लगीन ठरलं. तिच्यासमोर बसवंना, म्हणून सोडलं."

"एवढंच व्हय रं? आन मी चार किलो मीठ आणलं, येड्या!"

दोघंबी हसलो. लई दिवसांनी. छातीवरचा धोंडाच उतरला. उगाच एवढे महिने दाबून ठेवलं.

अण्णा अजून शेतातच हायेत. पोराला अभ्यास झेपला न्हाई, असं समजून ते माझ्याशी बोलत न्हाईत. त्यांनाबी आजच सांगतो, धीर हाय तोवर. वही गादीखाली सारतो, दार ओढून घेतो, शेताकडं निघतो.