चौतिसाव्या चालीपासून

प्रिय ढब्बू,

फोन केला नाही, कारण फोनवर तू विषय बदलतोस आणि मी ओरडते. कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. भाजी दोनदा करपली. काय झालं म्हणून तुझ्या भावजींनी तीनदा विचारलं.

तुमच्या कंपनीने आपल्या बुद्धिबळाच्या यंत्राला ग्रँडमास्टर किताब मिळावा म्हणून अर्ज केलाय, हे तुला ठाऊक आहेच. माणसांच्या तीन स्पर्धांत लागतात तेवढे गुण त्याने मिळवले, मग किताब का नको, असं त्यांचं म्हणणं. किताब समितीत मी एकटी विरोधात आहे. अध्यक्ष म्हणाले, बाई, यंत्र भल्याभल्यांना लोळवतंय आणि तुम्ही अजून नियमावली धरून बसलात. मीही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, क्रेन पैलवानापेक्षा जास्त वजन उचलते, म्हणून तिला गदा देता का? सगळे हसले. मत मात्र कुणाचंच बदललं नाही.

म्हणून काल खोट काढायचीच, या हेतूने अर्जाचे कागद घेऊन बसले. तिसऱ्या स्पर्धेचा शेवटचा डाव. तो बरोबरीत सुटला असता तरी किताब हुकला असता. पटावर यंत्राच्या चाली खेळणारा आणि त्या कागदावर लिहिणारा तू. यंत्राची नोंद आणि तुझा कागद मी शेजारी शेजारी ठेवले. तेहतीस चाली तंतोतंत जुळल्या. पुढे यंत्राची नोंदच नाही. आधी वाटलं, एखादं पान गहाळ झालं असेल. तसं नव्हतं. यंत्र तिथेच बंद पडलं होतं, आणि तुझ्या कागदावर त्यापुढे एकवीस चाली आहेत.

यंत्र बंद पडलं की घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचं, हा नियम. पंच मीच होते, तीन टेबलं पलीकडे. तू हाक मारली नाहीस. काळ्या पडलेल्या पडद्यासमोर बसून हत्ती देऊन घोडा घेतलास आणि एका ग्रँडमास्टरला हरवलंस. तेहतिसाव्या चालीपर्यंतचं अक्षर कारकुनी, पुढचं गिचमीड, तुझं. खाली पंच म्हणून सही माझीच. खिशात यंत्र लपवणारे खेळाडू मी आजवर पुष्कळ पकडले; यंत्राआड लपून खेळणारा माणूस, तोही माझा सख्खा भाऊ, तेवढा पाहायचा राहिला होता.

खूप रागावले तुझ्यावर. फसवणूक ती फसवणूकच. मग तो डाव घरच्या पटावर मांडला, एकदा नाही, पाचदा. ती हत्तीची चाल मला जन्मात सुचली नसती.

सोमवारी बैठक आहे. दोन्ही कागद मी समितीपुढे ठेवणार. अर्ज बाद होईल, तुझी नोकरी जाईल, माझं पंचपदही बहुधा जाईल. तुला आधी कळावं म्हणून लिहायला बसले, असं मी स्वतःला बजावत होते. ते खरं नाही. बारा वर्षांपूर्वी तुझा किताब थोडक्यात हुकला, तेव्हा पुढच्या स्पर्धेचा अर्ज घेऊन तू माझ्याकडे आला होतास. मी तो वाचलाही नाही. म्हटलं, तू कष्टाळू आहेस, पण ग्रँडमास्टर होणाऱ्यांतला नाहीस, नोकरी बघ. तू वाद घातला नाहीस. ताई म्हणते ते खरंच असणार, असं धरून चाललास. मी चुकले होते, बाळा. समितीला काही सांगण्याआधी हे तुला सांगायचं होतं.

तुझीच,
ताई