भुसा निर्दोष सुटला

१२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

वाकून नमस्कार, आणि या वेळी धापा न टाकता. तुझे गुडघे काय म्हणतात? भाओजी अजून पेपर मोठ्याने वाचून सगळ्यांना उठवतात का?

आधी खाली बस. मला दमा नाही! कधी नव्हताच. घरात कुणी नुसतं खोकलं तरी त्याच्या हातात पंप ठेवायचा, ही आपली रीत. आजीला दमा, बाबांना दमा, मग मला दुसरं काय होणार? तू मला कान धरून कारखान्यातून बाहेर काढलंस, आणि मी चांगला सुतार असून दोन वर्षं शोरूमच्या गल्ल्यावर बसून दुसऱ्यांनी केलेल्या खुर्च्या विकल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. भुशाचा काही दोष नव्हता, ताई.

खोकल्यातून रक्त आलं तेव्हा (तुला कळवलं नाही, ओरडू नकोस) नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नळी छातीला लावली आणि मग सरळ गळ्याला. म्हणाल्या, "दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना वाजते. तुमची घेताना वाजतेय, आणि इथे." दुर्बीण घातली तर श्वासनलिकेत गाठ. दुर्बिणीतूनच थोडी जाळून त्यांनी वाट मोकळी केली. शुद्धीवर आलो आणि असा भरभरून श्वास आत गेला की मी चक्क रडलो. काल घरचा जिना न थांबता चढलो, उगाच उतरलो आणि परत चढलो. बायको म्हणाली, "आता डोक्याचा डॉक्टर शोधते."

आता राहिलेलं सांगतो. गाठ साधी नाही. कॅन्सरची आहे, पण हळू वाढणारी. गुरुवारी नलिकेचा तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडणार, नंतर किरणांचे उपचार. खराब भाग काढून जोड देणं मी जन्मभर केलंय, पण या वेळी लाकूड मीच आहे. भीती वाटते गं. खूप वाटते. बरा झालो की मात्र कारखान्यात जाणार, तू कितीही तणतणलीस तरी.

बाबा गेल्यापासून तू हॉस्पिटलची पायरी चढली नाहीस, हे मला माहीत आहे. त्यामुळे ये म्हणणार नव्हतो. पण जोडावर ताण नको म्हणून काही दिवस माझी हनुवटी छातीला टाक्यांनी बांधून ठेवणार आहेत. मान वर करता येणार नाही. आलीस तर उभी राहू नकोस. बुटक्या स्टुलावर बस, म्हणजे मला तुझं तोंड दिसेल.

वाट बघतोय,
तुझा धाकटा