उजवा कौल

कोरेगाव, ४ फेब्रुवारी २०२३

चि. संयोगिता हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

चार दिवस तुझा फोन बंद लागतो, म्हणून पत्र. बातम्या देणारीचीच बातमी मिळेना, असं आई म्हणते.

गेल्या रविवारी इस्लामपूरकडची दोन माणसं तुझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती. पाया पडली. पोरगी लय धाडसी हाय, वाळूचोरीवर छापती, आमाला अशीच सून पायजे, म्हणाली. मी बायोडाटा, साडीतला फोटो, खोलीचा पत्ता, सगळं दिलं. रात्री कामावरून कधी परततेस, तेही आस्थेनं विचारलं. भैरोबाच्या मनात असेल तर यंदा जमेल. जप, आणि आमची आठवण राहू दे.

तुझे आबा

इस्लामपूर, ९ फेब्रुवारी

ती. आबांस संयोगिताचा सा. न. वि. वि.

ती माणसं स्थळवाली नव्हती. ज्या ठेकेदाराच्या वाळूवर मी लिहिलं, त्याची होती. फोटोतला माझा चेहरा उघड्या बाईच्या धडाला चिकटवला, खाली पत्ता, नंबर आणि रात्रीचा भाव. तालुकाभर फिरतोय. परवा जिन्यात तोंडं बांधलेल्या दोघांनी गाठलं. डावा हात मोडलाय. बाकीचं लिहीत नाही. फोटोची तक्रार दिली तेव्हापासून फोन पोलिसांकडे आहे. साहेब म्हणाले, बाईमाणसानं रात्रीच्या बातम्या आणाव्यात कशाला.

पोलिसांनी ठेकेदाराच्या दोघांना धरलंय; तुमच्याकडे आलेले तेच असणार. मी चेहरे पाहिले नाहीत. तुम्ही त्यांना समोर बसवून चहा पाजलाय. सोमवारी येऊन नुसतं ओळखा, नाहीतर सुटतील. आबा, तुमचं काही चुकलं नाही. आईला फक्त हाताचं सांगा. वाट पाहते.

तुमची संयोगिता

कोरेगाव, १६ फेब्रुवारी

चि. संयोगिता हिस आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस घास उतरला नाही. सोमवारी निघालोच होतो, तर भावकी दारात. धाकट्या प्रियदर्शनीचा साखरपुडा तोंडावर, आणि पाहुणे त्या ठेकेदाराच्या सोयऱ्यातले. तुझा चुलता लालासाहेब म्हणाला, आवं, एकीपायी दुसरीला बुडवता व्हय? मग भैरोबाला कौल लावला. फूल उजवं पडलं, म्हणजे जा. गुरव म्हणाला, फूल ओलं होतं, धरू नका. दुसरंही उजवंच. तिसरं डावं पडलं, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. देवापुढं माझं काय चालणार?

आमच्याकडे कुणी आलं नव्हतं, असं पोलिसांना लिहून दिलं. काल ती दोघं सुटली म्हणे.

नोकरी सोड, खोली बदल. साखरपुड्याला मात्र येऊ नकोस; मंडपात कुणाच्या फोनमध्ये काय असेल, सांगता येत नाही. हाताला शेक दे. माया आहे तशीच असू दे.

तुझे आबा