मेन स्विच बंद केल्यावरही

१२ जानेवारी, आसेगाव

आज घरोघरी नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजला. धोका कुठेच नाही, पण किरण टिपणाऱ्या मीटरची टिकटिक शांताकाकूंना खपेना. भिंतीत करंट उतरलाय असं वाटून त्यांनी पंखा, फ्रीज, शेवटी मेन स्विचच बंद केला. टिकटिक चालूच!

मग मला मागे वांग्याच्या वाफ्यात नेलं. तिथेही तेच.

"मातीतूनच येतं, काकू. पृथ्वी झाली तेव्हापासून."

त्या खाली बसल्या, मातीवर हात ठेवला. "मंग मानूस नवता तवाबी हे वाजून राह्यलं होतं? कोनासाठी?"

इतकी वर्षं मी नुसते आकडे लिहीत आलो. मला हे का नाही सुचलं?

मीटर आता बॅगेत बंद आहे. खाली मातीत मात्र ते वाजणं सुरूच असणार. का कुणास ठाऊक, अंगणात चप्पल काढून बसलोय.