तुझ्या नावावरची हजेरी

प्रिय रवळू,

परवा तू कारखान्याच्या गेटवर येऊन गेलास. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तुला तो होकार वाटला असणार, म्हणून हे लिहितोय. तोंडावर बोलायला मला कधीच जमलं नाही, ते तुझं काम.

गेल्या महिन्यात आमच्या कंग्राळीच्या शाळेत तुझा सत्कार झाला. मी तिसऱ्या रांगेत होतो, शेजारी माझी लेक तेजस्वी. तू छान बोललास. उद्यमबागेतल्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहणारा कामगार वकील कसा झाला ते सांगितलंस. वेड पाहिजे आणि कष्ट पाहिजेत, म्हणालास. मला कुणाचा आधार नव्हता, हेही म्हणालास. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेजस्वीनंही वाजवल्या. घरी येताना तिनं विचारलं, "आप्पा, त्यांच्याबरोबर तुम्ही का न्हाय शिकलासा?" मी म्हटलं, जमलं न्हाय गं. तिच्या डोळ्यांत मी आळशी ठरलो ते मला दिसत होतं.

तुझे कष्ट खोटे होते असं मी म्हणणार नाही. ते मी पाहिलेत. आठ तास साचे भरून तू बसमध्ये उभ्यानं पुस्तक वाचायचास. मराठी शाळेतला तू, कोर्टातलं कन्नड तुला डोंगराएवढं वाटायचं. माझी आई सदलग्याची, कन्नड बोलणारी, त्यामुळं मला ती भाषा घरातूनच आलेली. जेवणाच्या सुट्टीत वाळूच्या ढिगावर बसून मी तुझ्याकडून कायद्याची कलमं कन्नडमधून म्हणवून घ्यायचो. तू चुकलास की पुन्हा पहिल्यापासून. घेता घेता ती मलाही पाठ झाली. लॉ कॉलेजचा फॉर्म आपण दोघांनी आणला होता, आठवतंय? दोघांनाही एकदम सुट्टी मिळणार नाही म्हणून ठरलं, आधी तू, मग मी. तीन वर्षं तुझा वर्ग सकाळी असला की तुझ्या हजेरीच्या कार्डावर मी पाळी करायचो आणि दुपारी माझ्या कार्डावर पुन्हा उभा राहायचो. सुपरवायझरला सगळं ठाऊक होतं. माणूस भरला की त्याचं भागत होतं. मला त्याचा त्रास वाटत नव्हता. घरी बायकोला मी अभिमानानं सांगायचो, आमचा रवळू वकील होणार.

तुझा शेवटचा पेपर होता त्या दिवशी मी तुझ्या कार्डावर उभा होतो आणि रस ओतायचं लॅडल कलंडलं. वितळलेलं लोखंड माझ्या डाव्या बुटात शिरलं. बूट काढताना बुटाबरोबर काय काय निघालं ते लिहीत नाही. तू संध्याकाळी दवाखान्यात आलास, तेव्हा तुझ्या बोटांना अजून शाई होती. माझा पाय बघून तू रडलास, ते रडणं खरं होतं. मग डोळे पुसून म्हणालास, "भरमू, कागदावर आज तू कामावरच न्हाईस. तुझ्या जागी मी हाय. खरं सांगितलंस तर हजेरीची लबाडी म्हणून माझ्यावर केस हुईल. मग मला सनद कोण देणार?" मी डॉक्टरांना सांगितलं, घरात तापल्या पाण्याचा हंडा पायावर आला. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं असं होत नाही. पण लिहिताना त्यांनी पाणीच लिहिलं.

त्यानंतर मी भट्टीवर उभा राहू शकलो नाही. सुपरवायझरनं दया येऊन गेटवर हजेरी लिहायला बसवलं. तुझी सनद आली त्या दिवशी तू पेढे घेऊन आलास आणि म्हणालास, आता तुझी पाळी. मी वाट बघितली. पहिल्या वर्षी तुझं ऑफिस थाटायचं होतं. दुसऱ्या वर्षी तुझं लग्न. तिसऱ्या वर्षी मीच विचारायचं सोडलं. माझी चूक तीच. मागून घ्यायला पाहिजे होतं. मी मात्र तू आपण होऊन म्हणशील म्हणून बसून राहिलो, आणि तू म्हणाला नाहीस याचा राग जपत राहिलो. राग जपायला काही शिकावं लागत नाही.

आता मालुबाईचं. कोअर शॉपमध्ये साच्यांचे वाळूचे गाभे करणारी ही कंत्राटी बाई, नवरा नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. जानेवारीत मशिनमध्ये तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवशी तिच्यासोबतच्या गंगव्वाची लेक बाळंत होत होती, म्हणून गंगव्वाच्या कार्डावर मालुबाई उभी राहिली. तिनं भरपाईची केस घातली, तर कंपनी म्हणते, ती त्या दिवशी आत आलीच नव्हती. गंगव्वा नोकरीच्या भीतीनं गप्प आहे. कंपनीचं वकीलपत्र तू घेतलंस हे मला पेपरातून नाही, तुझ्याच तोंडून कळलं. परवा गेटवर माझ्या खांद्यावर हात ठेवून तू म्हणालास, "एवढंच सांगायचं. गेटवर तिला बघितलं न्हाय. कार्डावर गंगव्वा, तर माणूस बी गंगव्वाच." हे बोलताना तुझा आवाज जराही अडखळला नाही. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. तुला काही आठवतंय का, ते शोधत होतो. तुला काहीच आठवत नव्हतं. पाय गेला तेव्हा जे वाटलं नाही, ते मला त्या क्षणी वाटलं.

सोमवारी मी साक्षीला येतोय. मालुबाई सकाळी पावणेसातला माझ्यासमोरून आत गेली, मी तिला बघितलं, असं सांगणार आहे. मग कुणीतरी विचारेल, दुसऱ्याच्या कार्डावर कामगार उभे राहतात हे तुला कसं माहीत? त्याचंही उत्तर मी देणार आहे, तुझ्या पेपरच्या तारखेसकट. माझी ही नोकरी जाईल, घरी तसं सांगून ठेवलंय. तुझं काय जाईल ते तुझ्याइतकं मला कळत नाही. अचानक तोंडघशी पडू नयेस म्हणून आधी कळवतोय, मालुबाईला तेवढी सवलत कुणी दिली नव्हती. केस दुसऱ्या वकिलाकडं द्यायची तर अजून चार दिवस आहेत. ठेवलीस, तर समोर उभा राहा आणि विचार. या वेळी मी पाणी म्हणणार नाही.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
भरमू