‘मावशी’वरची हरकत

ठाकूरद्वार,
शुक्रवार

प्रिय विक्रांत,

शिव्या घालून झाल्या असतील तर वाच. नसतील झाल्या तर आधी घालून घे, मी थांबते. ‘मावशी’वर हरकत घेतली ती मीच, आणि पूर्ण शुद्धीत घेतली. ‘बाहेरचे परवडले, पाय ओढले ते आपल्याच माणसाने’ ही तुझी एका ओळीची मेल मिळाली. झोंबली. उत्तर कागदावर लिहितेय, कारण आमच्या प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर लिहिलेलं अख्खं जग वाचतं आणि ते कधी पुसलं जात नाही. आणि फोन तू उचलत नाहीस.

हे खूळ सुरू कसं झालं, आठवतं ना? तुझ्या नलूमावशीची नजर गेली आणि तिला पेपर वाचून दाखवायला फोनमधली ती परदेशी बाई आली. ती चिंचपोकळीचं नाव असं काही चावायची की मावशी म्हणाली, हिला आधी कुणीतरी जेवायला घाला. मग तू हट्टाला पेटलास. मराठी वाचणारा आवाज स्वतः बनवलास, त्याला मावशीचंच नाव दिलंस आणि फुकट वाटून टाकलास. आज कुठल्या कुठल्या गावातली न दिसणारी माणसं त्यावर पेपर ऐकतात, पोरं परीक्षेचा अभ्यास करतात. फोनची आतली यंत्रणा बदलली की ‘मावशी’ बंद पडते आणि तू एकटा तिला पुन्हा उठवून बसवतोस. म्हणून तर तिला न दिसणाऱ्यांसाठी फुकट प्रोग्राम बनवणाऱ्या आमच्या जगभरच्या प्रकल्पात घ्यावं, हे मला पहिल्यापासून पटलं होतं. नाही घेतलं तर तुझ्यामागे ती पोरकी होईल, असं मीच म्हटलं होतं. ‘तुझ्यामागे’ हा शब्द तेव्हा किती सहज आला तोंडात.

बाहेरून वाटतं, प्रोग्राम चांगला की झालं काम. छे! ते सगळ्यात शेवटी बघतात. स्थळ बघायला गेल्यावर मुलापेक्षा घरच्यांवर जास्त नजर असते ना, तसं. सांभाळणारी माणसं किती? चूक कळवली तर उत्तर कोण देतं, आणि किती तुसडेपणाने देतं? मालक कंटाळला तर पुढे कोण? आमच्या निवड समितीतला फिनलंडचा म्हातारा दर वेळी एकच रडगाणं गातो: कुणीतरी मोठ्या हौसेने आपलं बाळ आमच्या पदरात टाकलं, स्वतः गायब झालं आणि पुढे कित्येक वर्षं ते यालाच कडेवर घेऊन फिरावं लागलं. एवढं सगळं विचारून शेवटी मतदान वगैरे नसतं. प्रस्ताव मांडायचा, मुदत द्यायची. मुदतीत कुणी बोललं नाही तर होकार. गप्प बसला तो राजी, असा आमचा कायदा. ‘मावशी’च्या वेळी सगळे गप्प बसायच्याच बेतात होते, म्हातारासुद्धा.

मग ब्राझीलच्या बाईने नेहमीचा प्रश्न टाकला. आवाज कुणाचा, त्याची परवानगी आहे का, पुढे नवीन शब्द लागले तर तो माणूस रेकॉर्डिंग देईल का? तू लिहिलंस: आवाज एका मित्राचा आहे, परवानगी आहे, यापुढे रेकॉर्डिंग मिळणार नाही. तिने आभार मानले. कुणालाच काही खटकलं नाही. खटकणार कसं? त्या गोतावळ्यात मराठी कळणारी मी एकटी.

मित्राचा म्हणे! अरे मेल्या, तुझा आवाज मला ओळखू येणार नाही? लालबागच्या मंडपात दर वर्षी माईकवर तूच असायचास. निळा शर्ट, वय वर्षं पाच, नाव बंटी सांगतो, आईने स्टेजच्या डाव्या बाजूला यावं. त्या ‘डाव्या’वर तू उगाच जोर द्यायचास, तस्साच ‘मावशी’ देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच खो खो हसले होते.

तुझं ते उत्तर वाचल्यावर मात्र एकेक आठवायला लागलं. गेल्या गणपतीत माईकवर दुसराच कुणीतरी होता. तू म्हणालास, नव्या पोरांना चान्स द्यायला हवा. मी मान डोलावली. मार्चमध्ये परळला हॉस्पिटलसमोर तू दिसलास, हातात एक्स-रेचं असतं तसं मोठं पाकीट. टॅक्सीतून हाक मारली तर नुसता हात हलवलास. मला वाटलं, मावशीचं काही असेल. भर उन्हात गळ्याला मफलर, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही! आमच्या बैठकांना तू कॅमेरा लावतोस, पण बोलायचं ते टाइप करतोस. तर म्हणे माईक बिघडलाय.

न राहवून परवा मी मावशीला फोन केला, नुसती विचारपूस म्हणून. ती म्हणाली, ‘तुमचा भांडाण झाला काय गो? माका तेचो आवाज आता फोनातच ऐकाक येता, घरात नाय.’ तिला वाटतंय तू रुसलायस. शेजारणीकडून तुझ्यासाठी कुळथाची पिठी करून घेतली, तरी तू नुसता जेवून उठलास. मी कसाबसा फोन ठेवला आणि दादरच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

म्हणून हरकत. मुदत संपत आली होती. आवाजाच्या मालकाशी समक्ष बोलल्याशिवाय माझी संमती धरू नये, एवढंच मी लिहिलं. खरं कारण कुणाला कळलेलं नाही, आणि माझ्या तोंडून कळणारही नाही. पण विकी, सगळे गप्प म्हणून सगळे राजी, असं करून ‘मावशी’ आत आली असती आणि तू निरवानिरव करून एका कोपऱ्यात जाऊन बसला असतास. कुणाला न सांगता. ते मला मंजूर नाही. राग आलाय मला तुझा. आणि भीती वाटतेय, खूप.

घशाचं ऑपरेशन कधी आहे मला माहीत नाही. पण ते आहे आणि त्यानंतर हा आवाज राहणार नाही, एवढं मी जुळवलंय. चुकत असेन तर तोंडावर हास, मी ठाकूरद्वारभर पेढे वाटीन. चुकत नसेन तर रविवारी सकाळी मी चिंचपोकळीला येतेय. त्याआधी मावशीला तू सांग. टाइप करून नाही, तिला दिसत नाही. ‘मावशी’ची दुसरी सांभाळणारी म्हणून मी माझं नाव देतेय. जो सांभाळतो त्याला हो-नाही म्हणायचा हक्क नसतो, म्हणून समिती सोडतेय; हरकत रविवारीच मागे घेईन. माईक मी आणते. आवाज घोगरा झाला असेल तर प्रकल्पाला चालणार नाही, ठाऊक आहे मला. हे रेकॉर्डिंग प्रकल्पासाठी नाहीच. तुझं यंत्र अख्खा पेपर वाचतं, पण ‘मावशी, जेवलीस?’ असं आपणहून कधी विचारत नाही. तेवढं तू विचार, मी उतरवून घेते. रोज दुपारी ते आपोआप वाजेल, एवढा प्रोग्राम मलाही लिहिता येतो.

तुझीच, रविवारपर्यंत हरकतीवर ठाम,
देविका